वारसाला जामीन राहण्यापूर्वी



लागण, खते, पाणी, तोडणी या गोष्टी आम्ही या पानातून नेहमी सांगत असतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण तोही ऊसबिलापाशीच येऊन ठेपतो. सभासद वारले की त्यांच्या नावावरील बिल, ठेव व शेअर मिळवण्यासाठी घरच्यांची धावपळ सुरू होते. मग शेजारच्या सभासदाला गळ घातली जाते, "आण्णा, कोर्टात एवढी एक सही द्या." आण्णाही भिडेखातर सही ठोकून येतात. ही सही म्हणजे जामीनकतबा. तो समजून न घेता सही करू नये, म्हणून हा पाठ.

कशाला कोणता कागद?

जमिनीसाठी तलाठी कार्यालयात वारस नोंद करावी लागते. जमीन महसूल संहिता 1966 प्रमाणे ही वर्दी 3 महिन्यांत द्यायची असते.

कारखान्यातील शेअर व येणे यासाठी सहकारी संस्था अधिनियम 1960 चे कलम 30 लागू पडते. सभासदाने वारस नेमून ठेवला असेल तर संस्था त्याच्या नावे हस्तांतर करू शकते. नेमलेला नसेल तर संचालक मंडळाला जो वारस दिसतो त्याच्या नावे करते. मात्र वारसांत वाद निघाला की प्रकरण कोर्टात जाते.

कोर्टाचा वारसा दाखला, ज्याला आपल्याकडे 'सक्सेशन' म्हणतात, तो भारतीय उत्तराधिकार अधिनियम 1925 खाली मिळतो. हा दाखला येणे रकमा व रोख्यांपुरताच असतो. त्यावर जमीन नावावर होत नाही.

जामीन कशासाठी?

दाखला दाखवणाऱ्याला बँकेने वा संस्थेने खरेपणाने पैसे दिले की ती संस्था मोकळी होते. बाकीच्या वारसांना तिच्याकडे पुन्हा मागता येत नाही. मग मागे राहिलेल्या वारसांचे काय? त्यांच्यासाठीच कलम 375 मध्ये जामीनकतब्याची सोय आहे. दाखला घेणारा हिशेब देईल व ज्याचा हक्क असेल त्याची भरपाई करील, अशी ती हमी असते. हक्काचा प्रश्न गुंतागुंतीचा असेल किंवा अर्जदार अनेक असतील, आणि कोर्ट तूर्त एकाला दाखला देणार असेल, तर जामीन घ्यावाच लागतो. इतर वेळी ते न्यायाधीशांच्या मर्जीवर आहे.

थोडक्यात, आपण सही देतो अर्जदाराच्या शब्दावर, पण जामीन राहतो ते समोर नसलेल्या वारसांना.

एक हिशेब

समजा, एका सभासदाचे स्वतःचे बिल व ठेव मिळून 2,40,000 रुपये येणे आहे. मृत्युपत्र नाही. मागे आई, पत्नी, दोन मुलगे व एक लग्न झालेली मुलगी आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम 1956 प्रमाणे हे पाचही जण पहिल्या वर्गाचे वारस, म्हणून प्रत्येकी 48,000 रुपये. लेक सासरी गेली म्हणून तिचा वाटा जात नाही.

थोरल्याने दाखला काढला, पैसे उचलले व विहिरीच्या कामात घातले. वर्षाने बहिणीने वाटा मागितला, तर हात वर! आता बहीण कोर्टात अर्ज करू शकते. कोर्टाला कारण पटले तर जामीनकतबा योग्य व्यक्तीच्या नावे करून दिला जातो व त्यावरून दावा लावता येतो. करार अधिनियम 1872 चे कलम 128 सांगते की जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. म्हणजे 48,000 रुपयांसाठी आण्णांच्या दारात नोटीस! भरलेली रक्कम आण्णांना थोरल्याकडून मागता येते खरी, पण त्यासाठी पुन्हा कोर्टाच्या खेपा आल्याच.

सही करण्यापूर्वी एवढे पाहा

1. अर्जात सर्व वारसांची नावे आहेत का? आई व मुली गाळल्या नाहीत ना?
2. बाकीच्यांची संमती कोर्टात नोंदली आहे का? "त्यांची काही हरकत नाही" हे तोंडी बोलणे धरू नये.
3. कतब्यातील रक्कम व अटी वाचून घ्या. नक्कल आपल्याजवळ ठेवा.
4. पैसे आल्यावर ज्याचा त्याचा वाटा ज्याच्या त्याच्या बँक खात्यात जमा करायला लावा. त्या पावत्याच तुमची ढाल आहेत.
5. मयताचे सोसायटीचे कर्ज किती, हे विचारा. देणे वजा जाता उरेल तेच वाटायचे.

आपल्या माघारी

हा सगळा व्याप टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे हयातीतच वारस नेमणूक अर्ज भरून देणे. नेमलेला वारस वारला असेल तर नवा अर्ज द्यावा. मात्र ध्यानात ठेवा, नाव लागले म्हणजे पैसा त्याच्या एकट्याचा झाला असे नाही. कंपनीच्या शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली स्पष्ट केले आहे की नामनिर्देशनाने वारसांचा हक्क बुडत नाही. कुणाला काय द्यायचे हे ठरवायचे असेल तर मृत्युपत्रच करावे.

अडल्या कुटुंबाला सही देऊ नका, असे आमचे म्हणणे नाही. शेजारधर्म पाळलाच पाहिजे. पण आण्णांनी सही करताना "बहिणीला विचारलंस का?" एवढे विचारले, तर घरातले पुढचे कितीतरी भांडण तिथेच मिटेल. तरी सर्व सभासदांनी आपली वारस नेमणूक एकदा गट ऑफिसला येऊन तपासून घ्यावी, ही विनंती.