उकळूनही न जाणारा दोष : विहिरीच्या पाण्यातील नायट्रेट

जालना जिल्ह्यात शेतवस्तीवर राहणाऱ्या अनेक कुटुंबांचे पिण्याचे पाणी शेतातल्याच विहिरीतून किंवा बोअरमधून येते. ज्या विहिरीवर मोसंबीची बाग जगते, त्याच विहिरीवर घरचा हंडा भरतो. गावभेटीत पाणी तपासण्याचा विषय काढला, की ‘पाणी काचेसारखे आहे, मग तपासायचे कशाला?’ असा प्रश्न हमखास येतो. परंतु काचेसारखे दिसणारे पाणी पिण्यास योग्य असतेच असे नाही. शिवाय एका दोषावरचा उपाय दुसऱ्या दोषावर चालत नाही. म्हणून आधी दोष ओळखावा, मग उपाय करावा.

दोष तीन, उपाय वेगळे

१) गढूळपणा : पावसाळ्यात मातीचे बारीक कण पाण्यात तरंगतात. तुरटी फिरवून पाणी निवळू द्यावे व दुपदरी स्वच्छ कापडाने गाळावे.

२) रोगजंतू : हगवण, कावीळ, विषमज्वर यांचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी उकळणे किंवा टी.सी.एल. पावडर टाकणे हा उपाय आहे.

३) विरघळलेले क्षार : पाणी जड असल्यास डाळ शिजत नाही, मचूळ असल्यास चव कळते. नायट्रेटला मात्र रंग, वास, चव काहीच नसते. ते उकळून जात नाही. उलट पाण्याची वाफ होऊन उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. तुरटी, टी.सी.एल., साधा फिल्टर किंवा अतिनील दिव्याचे यंत्र यांनीही ते निघत नाही.

नायट्रेट का घातक?

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे. केंद्रीय भूजल मंडळाच्या पाहणीत मराठवाड्यातील, जालना जिल्ह्यातीलही, अनेक विहिरींत ते या मर्यादेपेक्षा जास्त आढळले आहे. सर्वांत जास्त धोका सहा महिन्यांखालील बाळाला असतो. अशा पाण्यात कालवलेले पावडरचे दूध पाजल्यास बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते. ओठ व नखे निळसर दिसू लागल्यास बाळास तातडीने दवाखान्यात न्यावे. सहा महिन्यांपर्यंत बाळास फक्त आईचे दूध द्यावे, हे सर्वांत सुरक्षित.

हे येते कोठून?

नायट्रेट बहुतांशी आपल्याच शेतातून, उकिरड्यातून, गोठ्यातून व शौचालयाच्या खड्ड्यातून येते. मातीचे कण नायट्रेटला धरून ठेवू शकत नाहीत. मोठा पाऊस किंवा भरमसाट पाणी मिळाले, की ते मुरुमातून व खडकाच्या भेगांतून विहिरीत उतरते.

हिशेब करून पाहू. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असते. त्यापासून सुमारे ९२ किलो नायट्रेट तयार होऊ शकते. त्याचा केवळ दहावा भाग पाण्यात उतरला, तरी सुमारे २ लाख लिटर शुद्ध पाणी ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेला पोचते. ४ मीटर व्यासाच्या विहिरीत ३ मीटर पाणी असल्यास ते सुमारे ३८,००० लिटर भरते. म्हणजे एका गोणीच्या दहाव्या भागात अशा पाच विहिरी बिघडतात. खताचे पैसे गेले आणि पाणीही गेले!

जंतूंसाठी टी.सी.एल.

१००० लिटर पाण्यास सर्वसाधारणपणे ५ ग्रॅम चांगली (३३ टक्के क्लोरिनची) पावडर लागते. वरील विहिरीस सुमारे १९० ग्रॅम लागेल. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घेऊ नये. थोड्या पाण्यात लगदा करून बादली पाऊण भरावी, ढवळावी व दहा मिनिटे निवळू द्यावी. वरची निवळी विहिरीत सोडून पाणी हलवावे. खालचा चुना विहिरीत टाकू नये, त्याने पाणी जड होते. एक तासानंतरच पाणी वापरावे. ग्रामपंचायतीकडील ओ.टी. तपासणीत पाण्याला पिवळा रंग आल्यास क्लोरिन शिल्लक आहे असे समजावे.

नायट्रेटसाठी काय करावे?

आर.ओ. यंत्राने नायट्रेट कमी होते. परंतु त्यातून बरेच पाणी वाया जाते. ते पिण्यास घेऊ नये, धुणीभांडी वा झाडांस वापरावे. टंचाईच्या गावात पावसाचे पाणी साठवणे हा चांगला पर्याय आहे. ५० चौरस मीटर पत्र्यावर ६०० मिलिमीटर पावसात, वीस टक्के घट धरूनही, २४,००० लिटर पाणी मिळते. पाच माणसांच्या घरास पिण्यास व स्वयंपाकास रोज २५ लिटर धरल्यास आठ महिन्यांस ६,००० लिटरची झाकलेली टाकी पुरते. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे व साठवलेल्या पाण्यातही टी.सी.एल. वापरावी.

शेतात घ्यावयाची काळजी

• माती परीक्षण करूनच नत्राची मात्रा ठरवावी व ती हप्त्याहप्त्याने विभागून द्यावी.
• मोठ्या पावसाच्या तोंडावर युरिया टाकू नये.
• बागेस मोकाट पाणी न देता ठिबक वापरावे.
• उकिरडा व शौचालयाचा खड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर दूर, उताराच्या खालच्या बाजूस असावा.
• विहिरीस कठडा बांधावा. भोवतीचे सांडपाणी दूर काढावे.

नमुना कसा द्यावा?

रासायनिक तपासणीसाठी १ लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीन वेळा विसळून काठोकाठ भरावी. जंतू तपासणीसाठी प्रयोगशाळेतून मिळणारी निर्जंतुक बाटली वापरावी. ती विसळू नये व २४ तासांच्या आत पोचवावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ही तपासणी होते. पावसाळ्यापूर्वी एकदा व पावसाळ्यानंतर एकदा नमुना द्यावा.

शेतकरी बंधू-भगिनींनो, पिकासाठी आपण मातीचा नमुना देतो. तसाच घरातील लेकरांसाठी यंदा पाण्याचाही नमुना द्यावा. नायट्रेट एकदा विहिरीत उतरले, की काढणे महाग पडते. ते शेतातच अडवणे आपल्या हाती आहे.