उलव्यातील भाड्याचे घर : मालकाने काय सांभाळावे?

नळ बाजारातील दुकानदार असो, कुर्ल्याचा वेल्डर असो की पनवेलचा सुतार, आयुष्यभराच्या कमाईतून एखादे लहानसे घर घ्यावे आणि हातपाय थकल्यावर त्याच्या भाड्यावर गुजराण करावी, अशी आपल्यातील कित्येकांची इच्छा असते. अशा घरासाठी अनेकांनी उलव्याची निवड केली. सिडकोने वसविलेल्या या वसाहतीजवळच्या खारकोपर स्थानकापर्यंत २०१८ मध्ये लोकल आली. जानेवारी २०२४ मध्ये ती उरणपर्यंत गेली आणि त्याच दिवशी शिवडीहून येणारा अटल सेतूही खुला झाला. शेजारच्या नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली. साहजिकच भाडेकरूंची चौकशी वाढली आहे. पण घर भाड्याने देणे हाही एक व्यवहारच आहे. दुकानाच्या वहीइतकीच त्याची काळजी घ्यावी लागते.

आमचाच अनुभव सांगतो. उलव्यातील घर आम्ही ओळखीच्या माणसाला मुद्रांकावर लिहून, नोटरी करून दिले. अकरा महिने संपले, तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही तर तोंडी तीन वर्षांचा शब्द दिला होता." वकिलांनी कागद पाहिला व विचारले, "नोंदणी कुठे आहे?" ती नव्हती. शेवटी तीन महिन्यांच्या भाड्यावर पाणी सोडून घर ताब्यात घ्यावे लागले. वाचकांवर ही पाळी येऊ नये म्हणून हा लेख.

१) करार नोंदणीकृतच हवा

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा सर्वत्र पसरलेला गैरसमज आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार कितीही मुदतीचा असला तरी तो लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे आणि ही जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते खोटे ठरेपर्यंत खरे धरले जाते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

नोंदणी आता ऑनलाइन होते. आधार क्रमांक व अंगठ्याचा ठसा देऊन मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार घरबसल्या करार पूर्ण करू शकतात. करार 'लिव्ह अँड लायसन्स' पद्धतीचा असावा. तो साठ महिन्यांपर्यंत करता येतो.

खर्चही फार नाही. मुदतीतील एकूण भाडे आणि परत करावयाच्या अनामत रकमेवर दरसाल दहा टक्के धरलेले व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क लागते. समजा, भाडे १३,००० रुपये, अनामत ४०,००० रुपये आणि मुदत बारा महिने आहे. वर्षाचे भाडे १,५६,००० आणि अनामतीवरील व्याज ४,०००, म्हणजे एकूण १,६०,००० रुपये. त्यावरील शुल्क झाले ४०० रुपये. नोंदणी शुल्क शहरी हद्दीत १,००० व ग्रामीण भागात ५०० रुपये आहे. एवढे वाचवण्यासाठी लाखोंची मालमत्ता धोक्यात घालणे शहाणपणाचे नाही.

२) पोलिस आणि सोसायटी

भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याबाबत पोलिस आयुक्त वेळोवेळी आदेश काढतात. तो मोडल्यास मालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. म्हणून छायाचित्र, आधार व कराराची प्रत पोलिस ठाण्यात देऊन पोच जपून ठेवावी.

सोसायटीलाही कराराची प्रत आगाऊ द्यावी. स्वतः न राहणाऱ्या सभासदाकडून सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेते, पण ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, असा राज्य सरकारचा २००१ सालचा आदेश आहे. जास्त मागणी आली तर लेखी हरकत घ्यावी.

३) ताबा देताना

वीजमीटरचे वाचन, पंखे, नळ, दारे-खिडक्या यांची यादी करून दोघांनी सह्या कराव्यात व छायाचित्रे काढावीत. उलवे खाडीकाठी असल्याने खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते आणि पावसाळ्यात भिंती ओल धरतात. कोणती दुरुस्ती कोणी करायची, पाण्याचा टँकर मागवावा लागला तर पैसे कोणी द्यायचे, हे करारातच लिहावे. वाद मोठ्या रकमेवरून क्वचित होतात, अशा लहान गोष्टींवरूनच होतात.

राहण्याचे घर जरीकामाला किंवा मालाच्या गोदामाला देऊ नये. जास्त भाड्याच्या मोहाने वापर बदलला, तर जबाबदारी मालकावरच येते. जीएसटी नोंदणी असलेल्या पेढीने कामगारांसाठी घर घेतले, तर भाड्यावरील १८ टक्के कर त्या पेढीने भरायचा असतो. हे आधीच बोलून घ्यावे.

४) 'हेवी डिपॉझिट'चा प्रश्न

मोठी रक्कम घ्यायची आणि भाडे घ्यायचे नाही किंवा नाममात्र घ्यायचे, ही पद्धत आपल्याकडे रुजली आहे. ही रक्कम मालक वापरतो, म्हणजे ते कर्जच झाले आणि त्याबदल्यात राहण्याची सवलत दिली जाते. कर्जावर मिळणाऱ्या अशा लाभाला अनेक उलेमांनी व्याज मानले आहे. व्यवहाराच्या दृष्टीनेही रक्कम धंद्यात अडकली की परत देताना मालकाची तारांबळ उडते. त्यापेक्षा अनामत दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकी ठेवावी आणि तिला हात लावू नये.

५) भाडेकरू निघत नसेल तर

वीज-पाणी तोडणे किंवा कुलूप बदलणे हा मार्ग नव्हे. तसे करणारा मालक स्वतःच आरोपी होतो. नोंदणीकृत करार असेल, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी करारातील दराच्या दुप्पट भरपाई मागता येते.

६) हिशेब

भाडे शक्यतो बँकेतून घ्यावे व पावती द्यावी. आयकरात मालकाने भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीची बिले दाखवावी लागत नाहीत. जकात भाड्याने दिलेल्या घराच्या किमतीवर नसते, भाड्यातून शिल्लक राहिलेल्या रकमेचा हिशेब मात्र आपल्या इतर रकमेबरोबर धरावा लागतो.

शेवटी एक गोष्ट. नाव ऐकताच "घर गेले" असे सांगणारे मालक आपल्यापैकी अनेकांना भेटले आहेत. त्या नकाराची बोच आपण जाणतो. आता किल्ली आपल्या हाती आहे, तर तोच नकार आपण दुसऱ्याला देऊ नये. भाडेकरूची जात, धर्म, प्रांत न पाहता त्याची कागदपत्रे, रोजगार आणि आधीच्या मालकाचे मत पाहावे. चोख कागद आणि सरळ वागणूक या दोहोंवर घरही टिकते आणि भाड्यात बरकतही येते.