एका फोटोला तारखा किती?

प्रश्न : निसर्ग वादळाचे, घरच्या लग्नाचे आणि आजोबांच्या जुन्या अल्बमचे फोटो गोळा करून मी संगणकातल्या फोटो लावायच्या प्रोग्रॅममध्ये घातले. त्याने ते तारखेप्रमाणे लावले खरे, पण टोपी घातलेले तरुण आजोबा २०२१ सालात जाऊन बसले! वाडीतल्या पोफळी वादळानंतर आठ दिवसांनी पडलेल्या दिसतात, तर एका व्हिडिओत वादळ यायच्या आधीच पडझड. प्रोग्रॅम बिघडला आहे का?
— एक वाचक भगिनी, बोर्ली पंचतन

उत्तर : नाही ताई, प्रोग्रॅम ठीक आहे. त्याला जी तारीख सापडली ती त्याने लावली. आपली समजूत अशी असते की फोटोला एकच तारीख असते. प्रत्यक्षात निदान दोन असतात. एक कॅमेरा फोटो काढताना फाइलच्या आत लिहितो. तिला एक्झिफमधली तारीख म्हणतात, आणि ही पद्धत १९९५ साली जपानात ठरली. दुसरी फाइलची स्वतःची, ती डिस्कवर बाहेरून नोंदलेली असते आणि कॉपी करताना किंवा नव्याने सेव्ह करताना बदलू शकते. आतली तारीख मिळाली नाही की बहुतेक प्रोग्रॅम बाहेरची उचलतात.

आता पोफळी घेऊ. वादळ ३ जून २०२० ला दुपारी किनाऱ्यावर आलं. त्यानंतर तुमच्याकडे लाइट आणि मोबाइलची रेंज किती दिवस नव्हती, हे तुम्हाला मी सांगायला नको. रेंज आल्यावर लोकांनी फोटो पाठवले ते व्हॉट्सअ‍ॅपवरून. व्हॉट्सअ‍ॅप फोटो लहान करतं आणि आतली तारीख काढून टाकतं. त्या फाइलच्या नावात २०२००६११ असे आकडे आणि पुढे डब्ल्यूए ही अक्षरं दिसली, तर ती ११ जून ही निरोपाची तारीख आहे, झाड पडल्याची नव्हे. ज्याने फोटो काढला त्याच्या फोनमध्ये मूळ फाइल असेल तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे आतली तारीख शाबूत येईल. नसेल तर तारीख हाताने घालावी लागेल.

व्हिडिओचं कारण वेगळं आहे. फोटोत आपल्या घड्याळातली वेळ लिहिली जाते, पण बहुतेक फोन व्हिडिओत जागतिक वेळ लिहितात आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. दुपारी १ वाजून १० मिनिटांनी घेतलेला व्हिडिओ काही प्रोग्रॅम सकाळी ७ वाजून ४० मिनिटांचा दाखवतात. म्हणून वादळाच्या आधी पडझड!

लग्नाच्या फोटोंतही असंच काही सापडेल. तुमच्या भागात घरटी कुणी ना कुणी आखातात असतं. मस्कतहून आलेल्या पाहुण्याचा कॅमेरा तिथल्याच वेळेवर राहिला असेल तर तो दीड तास मागे चालतो, आणि सव्वाबाराच्या मुहूर्ताचे हार त्याच्या फोटोत पावणेअकरालाच पडतात. इथे एक चूक फार जण करतात. सगळे फोटो निवडून सगळ्यांना एकच तारीख-वेळ देऊन टाकतात आणि लग्नाचा क्रमच पुसला जातो. घड्याळ चुकलेलं असेल तेव्हा वेळ बदलायची नाही, सरकवायची. त्या कॅमेऱ्याचे तेवढे फोटो निवडा आणि दीड तास पुढे न्या. डिजिकॅम या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ही सोय आहे. सुरुवात करण्याआधी सगळ्या फोटोंची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. ही पायरी टाळू नका.

राहिले आजोबा. २०२१ ही त्यांचा फोटो स्कॅन झाल्याची तारीख. खरी तारीख शोधायची तर आधी फोटो उलटा करून पाहा. मागे स्टुडिओचा शिक्का किंवा कुणी लिहिलेलं साल असतं. नंतरच्या काळातल्या रंगीत फोटोंच्या कोपऱ्यात केशरी आकडे असतात, पण ३ आणि ६ म्हणजे ३ जून की ६ मार्च, हे त्या कॅमेऱ्याच्या पद्धतीवर अवलंबून. कधी चित्रच साल सांगतं. दिवेआगरच्या सुवर्ण गणेशाचा मुखवटा १९९७ च्या नोव्हेंबरात वाडीत सापडला आणि २०१२ च्या मार्चमध्ये चोरीला गेला. त्या मूळ मुखवट्यासमोर उभं राहून काढलेला फोटो या दोन तारखांच्या मधलाच असणार.

तरीही नेमका दिवस कळत नाही, आणि प्रोग्रॅमला तर पूर्ण तारीख लागते. अशा वेळी जुन्या गुरुजींची रीत वापरायला हरकत नाही. जन्मतारीख ठाऊक नसलेल्या मुलाची ते १ जून लावून मोकळे होत. तुम्हीही अंदाजाच्या सालातली अशी एक तारीख ठरवा, पण फोटोच्या माहितीत ‘साल अंदाजे’ असं जरूर लिहा. नाहीतर नातवंडं तीच खरी धरून चालतील.

आणखी एक. बरेच प्रोग्रॅम तुम्ही केलेली दुरुस्ती आपल्याच वहीत ठेवतात, फाइलमध्ये लिहीत नाहीत. गूगल फोटोजमध्ये बदललेली तारीख मूळ फाइलमध्ये जात नाही. गूगलच्याच टेकआउट या सोयीने सगळं उतरवलं तर ती वेगळ्या छोट्या फाइलीत येते. डिजिकॅममध्ये माहिती फाइलमध्येच लिहिण्याची सेटिंग चालू आहे ना, हे पाहून घ्या. नाहीतर उद्या प्रोग्रॅम बदलला की आजोबा परत २०२१ मध्ये.

पण संगणकाचं काम महिनाभर थांबलं तरी चालेल. आधी अल्बम घेऊन घरातल्या ज्येष्ठांजवळ बसा. कोण, कुठे, कुठल्या साली, हे ते सांगतील तसं फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेन वापरू नका, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.