मोठ्या रेल्वेस्थानकावर वाट काढणे : परिसर अभ्यासातील एक पाठ

पेठ किंवा सुरगाणा तालुक्यातील पाड्यावरचे मूल चित्र पाहून ‘आगगाडी’ हा शब्द बिनचूक वाचते. तेच मूल मोठे होऊन आजारी आईस घेऊन मुंबईच्या रुग्णालयात निघते, तेव्हा त्याच्या वाचनाची खरी परीक्षा नाशिक रोडच्या फलाटावर होते. फलाट चुकला की गाडी जाते आणि गाडी गेली की रुग्णालयाने नेमून दिलेला दिवसही जातो. चार इयत्ता शिकलेला मनुष्य स्थानकात शिरताच पाट्यांकडे न पाहता गर्दीच्या मागे चालू लागतो, ही गोष्ट शाळेस भूषणावह नाही. परिसर अभ्यासातील दिशा व नकाशा ह्या घटकास जोडून हा पाठ घेता येईल.

पाठाचा गाभा एवढाच, की स्थानकावर नावापेक्षा क्रमांकावर भिस्त ठेवावी. नाशिक रोड हे नावच पाहावे. हे स्थानक जुन्या नाशिक शहरापासून बरेच दूर आहे. म्हणूनच एके काळी शहर व स्थानक ह्यांच्या दरम्यान घोड्यांची ट्राम चालत असे. ‘नाशिक आले’ म्हणून उतरणाऱ्यास अजून बराच पल्ला गाठावयाचा असतो. गाडीच्या नावाचेही तसेच. पंचवटी एक्सप्रेस हे एकच नाव मनमाडहून मुंबईस जाणाऱ्या गाडीस आहे आणि मुंबईहून मनमाडास परतणाऱ्या गाडीसही आहे. जाणारीचा क्रमांक १२११० व येणारीचा १२१०९. नुसते नाव ऐकून धावणारा प्रवासी उलट दिशेच्या गाडीत बसू शकतो. पाच अंक वाचणारा बसत नाही.

क्रमांकही केव्हा फसवितो, हे दादरच्या उदाहरणावरून मुलांस समजेल. तेथे पश्चिम व मध्य अशा दोन रेल्वेंचे फलाट शेजारी शेजारी असून दोहोंची मोजणी एकापासून होत असे. ‘एक नंबरवर थांबतो’ असे सांगितलेली दोन माणसे दोन निरनिराळ्या फलाटांवर एकमेकांची वाट पाहत राहत. ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिम रेल्वेचे फलाट १ ते ७ तसेच ठेवून मध्य रेल्वेच्या फलाटांस ८ ते १४ हे क्रमांक देण्यात आले. मोजणीचे हे साधे काम व्हावयास इतकी वर्षे लागावीत, ह्याचे नवल वाटते.

स्थानकांचे दोन प्रकार फळ्यावर काढून दाखवावेत. नाशिक रोडवर रूळ आरपार जातात. म्हणून दुसऱ्या फलाटावर जाण्यास पूल चढावा लागतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर रूळ संपतात. १ ते ७ हे लोकल गाड्यांचे व ८ ते १८ हे लांबच्या गाड्यांचे फलाट असून गाडीतून उतरणारा मनुष्य रूळ संपतात त्या टोकाकडे चालत गेला, तर पूल न चढता बाहेर पडतो. आरपार स्थानकावर दिशा सांगताना पूर्व-पश्चिम न सांगता पुढील स्थानकाचे नाव सांगावे. नाशिक रोडवर देवळालीकडचे टोक ती मुंबईची बाजू, ओढ्याकडचे टोक ती मनमाडची बाजू, हे मुलांच्या चटकन ध्यानी येते. आरक्षण नसलेल्यांचे डबे बहुधा गाडीच्या टोकांस असतात. गाडी येण्यापूर्वीच योग्य टोकाशी उभे राहिले, तर म्हाताऱ्या माणसाची धावपळ वाचते.

वेळेचा भाग गणिताच्या तासास घ्यावा. रेल्वेचे घड्याळ २४ तासांचे असते. १५ तारखेची ००.१० ची गाडी पकडावयाची, तर १४ तारखेच्या रात्रीच घर सोडावे लागते. १५ तारखेस रात्री येणाऱ्याची गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असते. ह्यावर चार-पाच उदाहरणे अवश्य द्यावीत.

प्रत्यक्ष पाठ शाळेच्या पटांगणावर होईल. फक्कीने तीन फलाट आखावेत, ओट्यास पूल मानावे, मुलांच्या हाती डब्यांच्या पाट्या द्याव्यात. काही मुलांस तिकिटे द्यावीत. त्यांवर गाडीचा क्रमांक, तारीख व डबा असावा, फलाट मात्र नसावा, कारण तो स्थानकावरील फलक पाहून किंवा चौकशी करूनच कळतो. गाडी येण्याच्या बेतात असता शिक्षकाने फलाट बदलल्याची घोषणा करावी. मुले धावतील, ओट्यावर एकमेकांस ढकलतील. त्याच क्षणी खेळ थांबवावा.

येथे एक कटू घटना सांगणे भाग आहे. १५ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री नवी दिल्ली स्थानकात प्रयागराजच्या कुंभास निघालेल्या यात्रेकरूंच्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन १८ जण मृत्यू पावले. सारख्या नावांच्या गाड्यांमुळे गोंधळ झाला, असे पोलिसांकडून सांगण्यात आले. पुढे रेल्वेमंत्र्यांनी संसदेत दिलेल्या उत्तरात, एका प्रवाशाच्या डोक्यावरील मोठे ओझे पडून जिन्यावर माणसे अडखळली, असे कारण आले. मुलांस दोन्ही कारणे सांगावीत. सिंहस्थात नाशिक रोडवर लोटणारी गर्दी त्यांच्या घरच्यांनी पाहिलेली असते. गाडी चुकली तर दुसरी मिळते, जिन्यावर धावावयाचे नाही, हे त्यांस खेळातूनच पटावे.

चुकामूक झाल्यास मुलाने शोधत फिरू नये; जेथे आहे तेथेच भिंतीच्या कडेस उभे राहावे आणि गणवेषातील रेल्वे पोलिसास किंवा कर्मचाऱ्यास सांगावे. १३९ हा रेल्वेचा व १०९८ हा बालकांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक पाठ करून घ्यावा. गावाचे नाव सांगताना तालुकाही सांगावा, कारण एका नावाची गावे अनेक असतात.

पाठानंतर गृहपाठ म्हणून घरातील एखादे जुने तिकीट आणावयास सांगावे. ज्याच्या घरी तिकीट नसेल, त्याने एस. टी.चे आणावे. प्रत्येकाने आपल्या तिकिटावरील प्रत्येक आकडा कशाचा आहे, हे वर्गासमोर सांगावे आणि न कळलेला आकडा फळ्यावर लिहून ठेवावा.