एकतर्फी हुकूमनामा व तो रद्द करविण्याचा मार्ग

ठाणें व कल्याणकडील पुष्कळ शेतकरी कुटुंबांची जमीन सामाईक नांवांवर आहे. पण माणसें एके ठिकाणीं नाहींत. एक भाऊ गांवीं, दुसरा डोंबिवलीस, तिसरा मुंबईस. अशा जमिनीच्या वाटणीचा दावा होऊन समन्स जुन्या पत्त्यावर गेलें व प्रतिवादी तारखेस हजर राहिला नाहीं, तर कोर्ट वादीचाच पुरावा ऐकून निकाल देऊं शकतें. हाच एकतर्फी हुकूमनामा. पुष्कळांस त्याची पहिली वार्ता फेरफाराच्या नोटिशीनें किंवा बेलीफ दारीं आल्यावर कळते. अशा वेळीं हातपाय गाळूं नयेत; परंतु एक दिवसही दवडूं नये.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ हिच्या नवव्या आदेशांतील तेराव्या नियमान्वयें असा हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज करतां येतो. तो ज्या कोर्टानें निकाल दिला त्याच कोर्टांत करावयाचा. निकाल कल्याणचा असेल तर अर्ज कल्याणासच. कारणें दोनच चालतात: समन्स रीतसर बजावलें गेलें नाहीं, अथवा हजर राहण्यास पुरेशी अडचण होती. मात्र समन्स घरांतील सज्ञान स्त्रीच्या अथवा पुरुषाच्या हातीं दिलें असल्यास तें बहुधा बजावलें गेलें असेंच धरतात. शिवाय तारीख ठाऊक होती व येण्यास अवधि होता असें दिसलें, तर बजावणींतील नुसती उणीव उपयोगीं पडत नाहीं.

मुदत हुकूमनाम्यापासून ३० दिवसांची. समन्स रीतसर बजावलें नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून ३० दिवसांची. उशीर झाल्यास त्याचें कारण सांगून माफीचा अर्ज सोबत जोडावा. रोजनामा, हुकूमनामा व बेलिफाचा अहवाल यांच्या नकला प्रथम काढाव्या. आजारपणाचें कारण असल्यास दवाखान्याचे कागद जोडावे. नुसत्या अर्जानें दरखास्त थांबत नाहीं. तहकुबीचा हुकूम निराळा मागावा लागतो.

दुसरा मार्ग अपिलाचा. हे दोन्ही मार्ग एकाच वेळीं खुले असतात. परंतु अपिलाचा निकाल लागल्यावर पहिला अर्ज चालत नाहीं. महाराष्ट्रांतील एका वाटणीच्या दाव्यांत प्रतिवादींनीं आधीं रद्द करण्याचा अर्ज चालविला व मग अपील केलें. तोंवर चार वर्षांहून अधिक काळ लोटला होता. तरी सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं तो विलंब क्षम्य मानिला. परंतु केवळ वेळकाढूपणा करणारास ही सवलत नाहीं असेंही बजाविलें.

दावा अद्याप चालू असून पुढील तारीख नेमलेली असेल, तर सातव्या नियमान्वयें गैरहजेरीचें योग्य कारण दाखवून हजर व्हावें. तें या सर्वांपेक्षां सुलभ होय. म्हणून कुटुंबांत कोणाच्याही हातीं समन्स आलें, तर तें सर्व सहहिस्सेदारांस त्याच दिवशीं कळवावें. उतारा वर्षांतून एकदां तरी पाहत जावा. जमिनीची राखण बांधावर होते तशीच कागदावरही करावी लागते.