ताप आणि परतणे

वाचन : मत्तय 27.1-6, लूक 22.31-34 व 54-62, योहान 21.1-19

पश्चात्ताप हा शब्द आपण मंडळीत इतक्या वेळा ऐकतो की, तो फोडून पाहण्याची गरज आपणांस वाटत नाही. पश्चात् म्हणजे मागाहून आणि ताप म्हणजे दाह. कृत्य घडून गेल्यावर मागाहून जिवाला लागणारी आग, असा त्याचा सरळ अर्थ. शब्द चांगला आहे, आणि तो योजणाऱ्यांनी चूक केली असे मला म्हणावयाचे नाही. परंतु जुन्या करारातील संदेष्टे इस्राएलास हाक मारतात, तेव्हा त्यांच्या तोंडी वारंवार येणारा हिब्रू शब्द आहे 'शूब', म्हणजे मागे फिरणे, परत येणे. नामी मवाब देशातून बेथलेहेमास परतली, तेथेही हाच शब्द आहे. त्यात आग नाही, पावले आहेत.

हा भेद केवळ कोशातला नाही. प्रभूला धरून देण्यात आले त्या रात्री दोन शिष्य पडले. दोघांनाही ताप झाला. परतला मात्र एकच.

प्रथम यहूदाकडे पाहू. त्याला घाईने दूर सारण्याची आपल्याला सवय आहे, म्हणून मत्तय 27 वा अध्याय पुन्हा सावकाश वाचावा. येशूला दोषी ठरविले असे पाहून यहूदाला मनापासून वाईट वाटले. त्याने आपले पाप कबूल केले, आणि तेही मोघम शब्दांत नव्हे. निर्दोष रक्ताचा आपण घात केला, हे त्याने स्पष्ट सांगितले. त्याने 30 रुपये परत नेऊन दिले. दुःख, कबुली आणि भरपाई ही तिन्ही त्याच्या ठायी होती. आपल्यापैकी कितीजणांच्या पश्चात्तापात ही तिन्ही असतात? बहुधा आपण पहिल्यावरच थांबतो, आणि पैसे तर क्वचितच परत जातात.

कोणी म्हणेल की, मत्तयाने येथे 'मेटानोइया' म्हणजे मनाचा पालट हा शब्द न वापरता नुसत्या खेदाचा शब्द वापरला आहे. हे खरे आहे. पण त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. हाच खेदाचा शब्द मत्तय 21 मधील दोन मुलांच्या दाखल्यात आहे. पहिला मुलगा बापाला नाही म्हणाला, मागाहून त्याला खेद झाला आणि तो द्राक्षमळ्यात कामाला गेला. खेद तोच. एका खेदाने माणूस बापाच्या मळ्यात गेला, दुसऱ्याने अंधारात. प्रश्न पाय कोठे वळले ह्याचा आहे.

यहूदाचे पाय मुख्य याजकांकडे वळले. येथे मंडळीचे वडील, पाळक आणि उपदेशक ह्यांनी क्षणभर थांबावे असे मला वाटते. पाप्याने देवाकडे कसे यावे, हे दाखविणे हेच तर याजकांचे काम होते. त्यांनी त्याला सांगितले की, त्याचे त्याने पाहून घ्यावे, त्यांना काय त्याचे! दोनच वचनांनंतर हीच मंडळी ते रुपये दानकोशात टाकणे योग्य की अयोग्य, ह्याचा मोठ्या काळजीने विचार करताना दिसतात. पैशांचे काय करावे हा प्रश्न त्यांना पडला. माणसाचे काय करावे हा पडला नाही. आपल्या सभांची इतिवृत्तेही ह्या दृष्टीने वाचून पाहावीत.

यहूदा तेथून निघून गेला आणि त्याने आपला अंत करून घेतला. त्याच्या आत्म्याचा निवाडा करणे आपले काम नव्हे. एवढेच लक्षात घ्यावे की, त्या सकाळी येशू जिवंत होता. त्याच दिवशी त्याने क्रूसावरून एका अपराध्याला सुखलोकाचे वचन दिले. जेथे जावयाचे ते दार उघडे होते, पण यहूदा त्या दाराकडे गेला नाही. आपणच आपला न्यायाधीश होऊन त्याने आपल्याला शिक्षा दिली. जगाचे दुःख मरणाकडे नेते, असे पौल 2 करिंथ 7.10 मध्ये सांगतो, ते हेच.

आता पेत्र. त्याचे पाप लहान होते असे कोणी समजू नये. तीन वेळा त्याने प्रभूला ओळख दिली नाही. परंतु लूकाचे वर्णन पाहा. कोंबडा आरवताच प्रभूने वळून पेत्राकडे दृष्टी लावली. प्रथम वळला तो पेत्र नव्हे, प्रभू वळला. त्याच्याही आधी, भोजनाच्या वेळी, प्रभूने त्याच्यासाठी प्रार्थना केली होती आणि तू परत फिरशील तेव्हा आपल्या भावांना स्थिर कर, अशा अर्थाची आज्ञा दिली होती. पेत्र पडण्यापूर्वीच त्याच्या परतण्याची तजवीज झालेली होती.

पेत्र बाहेर जाऊन रडला. येथवर तोही यहूदासारखाच. पुढे मात्र तो इतर शिष्यांतून निघून गेला नाही. तिबिर्या समुद्रावर, काठी उभा असलेला प्रभू आहे असे कळताच त्याने पाण्यात उडी टाकली. किनारा सुमारे दोनशे हात दूर होता; मचवा येतच होता; तरी त्याला थांबवेना. हिब्रू 'शूब' ह्या शब्दाचे ह्याहून बोलके चित्र मला ठाऊक नाही.

काठावर कोळशांचा विस्तव होता. योहानाचा हा ग्रीक शब्द नव्या करारात दोनच ठिकाणी आढळतो : येथे, आणि 18.18 मध्ये, जेथे पेत्र अंगणात शेकत उभा राहून प्रभूला नाकारतो. तशाच विस्तवाजवळ प्रभूने त्याला तीनदा विचारले, आणि तिसऱ्या वेळी पेत्र दुःखी झाला. म्हणजे ताप संपला नव्हता. पण आता तो प्रभूच्या समोर होता.

वाचकहो, आपल्या मंडळ्यांत काही जण वर्षानुवर्षे मागच्या बाकावर बसतात आणि प्रभुभोजनाच्या वेळी हळूच उठून जातात. अजून आपल्याला पुरेसे वाईट वाटलेले नाही, आपण अजून लायक झालो नाही, असे त्यांना वाटते. आपणही कदाचित त्यांपैकी असाल. आत्मपरीक्षण करावे असे पौल 1 करिंथ 11.28 मध्ये सांगतो खरे. पण परीक्षण करून मग खावे असे तो म्हणतो, उठून जावे असे नव्हे. शिवाय योहान 21 मधील क्रम पाहावा. प्रश्न 15 व्या वचनात येतात. विस्तवावर मासळी आणि भाकर 9 व्या वचनापासूनच तयार आहे, 12 व्यात जेवावयास बोलावणे आहे, आणि पेत्राची न्याहारी झाल्यावरच प्रभूने त्याला पहिला प्रश्न विचारला.