बाटलीवर छापलेले दिवस

फरीदाबादेत डेंग्यूची साथ आली की शेळीच्या दुधाला सोन्याचा भाव येतो. त्याने प्लेटलेट्स वाढतात याला ठोस पुरावा नाही, पण पेशंटच्या घरच्यांशी कोण हुज्जत घालणार! बल्लभगडच्या बाजूला आम्ही बारबरी शेळ्या पाळतो, म्हणून हे सांगतो.

अशाच दिवसांत शेजाऱ्यांची शेळी हगवणीने आडवी झाली. डोळे खोल गेलेले, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तरी तशीच उभी. त्यांनी दुकानातून जेंटामायसिन हे प्रतिजैविक आणून अंदाजाने टोचलं. शेळी उठली, पण खंगली. तेव्हा 'औषध बंद झालंय ना' म्हणत ते तिला खाटकाला द्यायला निघाले. आमच्या पशुवैद्यांनी अडवलं.

कारण जेंटामायसिन बाहेर पडतं ते मूत्रपिंडातूनच. हगवणीने अंगातलं पाणी गेलं की तिकडे रक्त कमी पोचतं, औषध तुंबतं, मूत्रपिंडालाच इजा करतं आणि तिथे फार काळ टिकून राहतं. म्हणून आधी सलाइन, मग गरज असेल तरच इंजेक्शन, तेही वजन करून. औषध बंद केल्यावर दूध-मांस वापरण्याआधी थांबायचे, बाटलीवर छापलेले दिवस धडधाकट जनावरांवर तपासून ठरतात. आजारी शरीर त्या हिशेबाने चालत नाही. असे दिवस तपासून ठरवलेले नसतील तर औषधांच्या लेबलविषयीच्या २०१२च्या नियमानुसार दुधाला किमान ७ आणि मांसाला किमान २८ दिवस थांबायचं. आजारी शेळीसाठी मी पशुवैद्यांना विचारून त्यात भर घालतो.

कासेच्या आजारात गंमत वेगळीच. निरोगी दूध रक्तापेक्षा थोडं आंबट, म्हणून टायलोसिनसारखी औषधं रक्तातून ओढली जाऊन दुधात साठतात. कास सुजली की दुधाचा आंबटपणा उतरतो आणि ती ओढही घटते. त्यामुळे एका शेळीला लागू पडलेलं औषध दुसरीला तसंच टोचू नये. पीपीआरसारख्या (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) रोगाच्या विषाणूवर तर प्रतिजैविक चालतच नाही. त्याची लस वेळेवर टोचून घ्यावी. मोठ्या शेळीला तोंडावाटे प्रतिजैविक पाजलं तर पोटातले उपयोगी जंतू मरून रवंथ थांबू शकतं, हेही ध्यानात असू द्या.

औषध चालू असलेल्या शेळीच्या गळ्यात आम्ही लाल दोरी बांधतो आणि तिची धार शेवटी, वेगळ्या भांड्यात काढतो. ते दूध करडांनाही पाजत नाही.